उंबऱ्यावर अडकलेली नाव

बर्मिंगहॅमकडून कोळसा घेऊन आलेली नाव कालव्यावरच्या लॉकमध्ये, म्हणजे नावा वरखाली नेणाऱ्या दोन दरवाजांमधल्या हौदात, शिरली, तेव्हाच केझियाचा नवरा जेबेझ आणि लॉकवाला ट्रँटर यांची जुंपली होती. नाव खाली उतरवायची म्हणजे लॉकमधलं पाणी सोडायचं. पुढच्या दरवाजाला दोन झडपा. एक ट्रँटरने ह्या काठावरून उचलायची, दुसरी जेबेझने पलीकडच्या.

"मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही," ट्रँटर म्हणाला. "झडप मोडली तर नोकरी माझी जाते."

"आणि नाव फुटली तर? तुझा बाप देणार नवी?"

रागाच्या भरात दोघांनी झडपा पुऱ्या उचलल्या. एकमेकांना शिव्या देण्यात दोघे गुंग, पाण्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

केझिया मागे सुकाणूपाशी होती. मागच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो, नाव त्याच्यापासून पुढे धरून ठेवायची, हे तिचं काम. चुलीवरची किटली उतू जायला लागली म्हणून ती केबिनमध्ये वाकली. तेवढ्यात नाव हातभर मागे सरकली.

नावेचं बूड उंबऱ्यावर टेकलं आणि पाणी उतरतच राहिलं. पुढचं टोक खाली गेलं, केबिन कलंडली. उकळतं पाणी केझियाच्या डाव्या हातावर सांडलं. कपाट सुटून पाठीत बसलं. फळ्या करकरल्या.

"झडपा पाडा!" ती किंचाळली.

ट्रँटरने आपली पाडली. जेबेझने मात्र दरवाजावरून धावत येऊन झडप फिरवायचा लोखंडी दांडा त्याच्या तोंडावर हाणला.

"माझ्या बायकोला मारतोस?"

केझिया दारातून अर्धी बाहेर आली होती. "अरे मुडद्या, त्याला मग मार! आधी तुझी झडप पाड!"

जेबेझला ऐकूच येईना. दुसरा घाव डोळ्यावर बसला. ट्रँटर रक्त गाळत, रांगत दरवाजाच्या फळीवरून पलीकडे गेला आणि त्याने जेबेझची झडप पाडली. त्याही वेळी जेबेझ त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता.

केझिया धडपडत काठावर चढली. कमरेला खोचलेला आपला झडपेचा दांडा काढून, भाजल्या हाताने तिने मागच्या दरवाजाची झडप उघडली. पाणी आत घुसलं, नाव हळूहळू सरळ झाली. मग ती धावत गेली आणि तोच दांडा तिने नवऱ्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनी ऐकला.

"नाव मी सरकू दिली! कळलं? मी किटलीकडे गेले होते!"

जेबेझने धड हाताने तिच्या थोबाडीत मारली. ती पडली. ट्रँटरने खालूनच त्याचा पाय ओढला, तसा तोही दगडावर आपटला आणि मग उभा राहिलाच नाही. तिथेच बसून रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या कंपनीचा साहेब आला. "चूक कुणाची?"

"माझी. मी पाण्याकडे बघितलं नाही," ट्रँटर म्हणाला.

"माझीही," केझिया म्हणाली.

"माझी झडप त्याने पाडली, साहेब," एवढंच जेबेझ म्हणाला.

ट्रँटरचा डोळा गेला, नोकरी राहिली. मारहाणीबद्दल जेबेझ तीन महिन्यांसाठी तुरुंगात गेला. नाव केझियाच हाकत होती. पुढच्या खेपेला ती लॉकमध्ये शिरली तेव्हा ट्रँटर झडपेपाशी उभा होता.

"केझिया, सोडू का?"

तिने मागे वळून पाण्याखालच्या उंबऱ्याची जागा बघितली, नाव चार हात पुढे घेतली.

"सोडा. पण हळू."