तुळसाबाईच्या हाताचं माप

साहेब, बाजारच्या दिवशीची धनज-कारंजा मोटार तुम्ही बंद केली आणि खापर फोडलं आमच्यावर. म्हणे, माल आता पोस्टानं घरी येतो, बाजाराला जातो कोण!

गावात माल मागवतो एकटा बबनराव, माझा शेजारी. साबण, लुगडं, कंदिलाची काच, सगळं व्ही.पी.नं, पैसे पार्सल घेताना पोस्टमनला द्यायचे. पोस्टमन लखीराम ओट्यावर पार्सल ठेवतो, बबनराव मिशीवरून हात फिरवतो. "बाजारचा अख्खा दिवस वाचला!"

त्याची बायको तुळसाबाई मात्र पार्सलाकडे त्यातून साप निघाल्यासारखी बघते. कारंज्याच्या बाजारात पलीकडच्या गावाहून तिची आई येते. मायलेकींची भेट तेवढीच.

"दिवस वाचला तो कोणाचा?" ती एकदा मला कुंपणावरून म्हणाली. "भाऊजी, मले मायशी बोलू द्याचं नाही, म्हून हे समदं घरी आणून राह्यले."

मग हिरव्या काचेच्या बांगड्या आल्या. तेल लावलं, हात आवळला, मुठीवरून एक सरकेना.

"माह्या हाताचं माप त्या कंपनीले कोणं सांगतलं?"

"मीच लिवलं. मध्यम."

"मध्यम? हात हाये का कापसाची प्रत?"

तिनं जोर लावला. कट्कन आवाज झाला.

"फुटली!" बबनराव बोलून गेला आणि जीभ चावली. सवाष्णीची बांगडी 'वाढते', फुटत नाही. जुन्या तर तिनं आधीच वाढवलेल्या. मापाचा पत्ता नसताना आधीच का, हे मी विचारलं नाही. गावात कासार नाही. तिनं मनगटाला हळदीचा दोरा गुंडाळला.

जित्या नवऱ्याला बायकोचे मोकळे हात बघवतात होय? "चाल, कारंज्याले नेतो," तोच म्हणाला.

बैल पेरणीत गुंतलेले, म्हणून बाजारच्या दिवशी दोघं मोटारीसाठी पिंपळाखाली उभे. मीही होतो. ऊन डोक्यावर आलं, मोटार नाही. लखीराम सायकलवरून उतरला. "मोटार बंद झाली, वहिनी. साहेबानं पार्सलं मोजली म्हणते."

तुळसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमीच सांगतलं ना त्यायले?"

"मायची आन, नाही वं!"

मला ते खरं वाटलं. तिला नाही. ती एकटीच घराकडं चालू लागली. तिकडं तिची म्हातारी कासाराच्या दुकानापाशी वाट बघत बसली असेल.

साहेब, एका घरची पार्सलं मोजून अख्ख्या गावाचा रस्ता तोडायला तुम्हाला सांगितलं कोणी? बाजारच्या दिवशी ती मोटार आता दुसऱ्या कोणत्या रस्त्यावर, कोणासाठी पळते? आणि पुढच्या बाजाराला ती धनजला येणार की नाही? होय किंवा नाही, उत्तर पाहिजे.