अस्तरातली टोपी

खाणीत सुरुंगाच्या वातीच्या टोकावर स्फोटाची टोपी बसवून बेलकासम चिमट्यानं तिचा काठ आवळत होता, तेव्हा त्याला एकदम कालचं आठवलं. खडकातल्या शेवटच्या भोकात पाणी भरलं होतं. ते भोक त्यानं उडवलंच नव्हतं. मग त्या भोकाची टोपी कुठे गेली?

भोंगा झाला, मुकादम खेकसला आणि त्या घाईत त्यानं ती कोटाच्या खिशात टाकली होती. खिसा फाटका होता. टोपी आतल्या आत घसरली, जाड लोकरीच्या अस्तरात जाऊन बसली. फाटकावर झडती घेणाऱ्या शिपायाच्या हाताला ती लागली नाही आणि घरी पोचेपर्यंत त्याच्याही ध्यानातून गेली. आज सकाळी बायको, हद्दा, म्हणाली होती, "ईद तोंडावर आलीय. तो कोट आज ओढ्यावर नेते. अंगणभर खाणीचा वास मारतोय त्याला." बायका लोकरीचे कपडे दगडावर अंथरून लाकडी धोपटण्यानं बडवतात. रोजचंच काम ते.

टोपी म्हणजे बोटभर लांबीची तांब्याची नळी, तळाशी दारू भरलेली. सुरुंगाची कांडी आगीत पडली तर बहुतेक वेळा नुसती जळत राहते. टोपीनं धक्का दिल्याशिवाय ती जागी होत नाही. टोपीला मात्र जागं व्हायला एक ठोका पुरतो.

त्यानं हातातली टोपी सावकाश पेटीत ठेवली आणि जोडीदार स्लिमानच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.

"मुकादमाला सांगतो," तो म्हणाला. "घरी सोडेल तो मला."

"सोडेल? शिपायांच्या हवाली करेल!" स्लिमाननं त्याचं मनगट धरलं. "डोंगरात फ्रेंचांशी लढाई पेटलीय आणि तू म्हणणार, टोपी चुकून घरी गेली? गेल्या महिन्यात मन्सूरला चौकशीला नेलं. आला का परत?"

"मग ती मरू दे?"

स्लिमाननं हातोडा उचलला. "डावा हात ठेव या दगडावर. आणि माझ्याकडे बघू नकोस."

फ्रेंच मुकादम तसा वाईट नव्हता. रक्त बघून त्यानं तोंड फिरवलं आणि दवाखान्याकडे बोट दाखवलं. फाटकावर शिपायानं जखमी माणसालाही नखशिखांत चाचपलं. मग बेलकासम दवाखान्याच्या वाटेला लागला, कोपऱ्यावर वळला आणि उतारावरून धावत सुटला. मोडलेलं बोट प्रत्येक पावलाला ठणकत होतं. खालून आवाज येत होता. धप. धप. आवाज चालू आहे म्हणजे हद्दा जिवंत आहे, असं तो स्वतःला बजावत होता, आणि पुढचा ठोका ऐकू येईपर्यंत आणखी वेगानं पळत होता.

ओढ्यावर सात-आठ बायका होत्या. हद्दाचं धोपटणं हवेत होतं, खाली कोट.

"हद्दा! थांब!"

त्याच वेळी त्याला रस्त्याच्या मोरीवर, छोट्या पुलावर, शिपाई दिसले. पाण्याचे डबे भरता भरता त्यांनी माना वळवल्या. त्यांतल्या एकाला इथली भाषा कळत होती. बेलकासमनं आवाज चढवला. "माझा कोट कुणाला विचारून भिजवलास गं?"

"अगं बाई!" हद्दानं धोपटणं कमरेवर टेकवलं. "कोटासाठी खाण सोडून आलात? सोनं शिवलंय का त्यात, की उवांची आठवण आली?"

बायका खिदळल्या. त्या शिपायानं इतरांना अर्थ सांगितला; तेही हसले. बेलकासम वाकला आणि झोपलेलं तान्हं मूल उचलावं तसा त्यानं तो ओला कोट दोन्ही हातांवर घेतला. हद्दाचं हसू तिथंच विरलं. तिला त्याचं सुजलेलं बोट दिसलं, मग चेहरा.

शेजारची म्हातारी झेर्फा बघत होती. तिचा नवरा खाणीतच गेला होता. "जा गं त्याच्या मागं," ती मोठ्यानं म्हणाली. "चिडलेल्या नवऱ्याला एकटं सोडू नये. तुझे कपडे मी पिळते."

कण्हेरीच्या जाळीआड त्यानं नखांनी अस्तर उसवलं. टोपी निघाली. उघड्या तोंडाशी ती चेपली होती. चेपलेल्या जागेपासून दारू नखभर अंतरावर.

"किती ठोके मारलेस?"

"आठवत नाही. विचारूही नका." हद्दानं कोट बाजूला सारला. "टाका ती ओढ्यात."

"आणि पोरं खेकडे शोधायला हात घालतील तेव्हा?"

"मग पुरा."

"कुणाचा तरी नांगर लागेल. हिला खाणीतच मरायला हवं."

हद्दानं त्याच्या बोटाकडे बघितलं. मग तिनं डोक्यावरचा रुमाल सोडून उभा फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पट्टीत, मोडलेल्या बोटाला लागून, लोकरीत लपेटलेली टोपी होती. शिपायानं खिसे बघितले, कमर बघितली, मग दंडुक्याचं टोक पट्टीकडे केलं.

"हे काय?"

"बोट मोडलं काल, साहेब."

शिपायानं पट्टी चिमटीत दाबली. बेलकासमच्या तोंडून किंकाळी फुटली. शिपाई दचकून मागे सरला, शिवी हासडून म्हणाला, "चल, हो आत!"

चेपलेल्या टोपीत वात बसेना. स्लिमाननं ती भोकात चांगल्या टोपीशेजारी, कांडीला लगटून ठेवली, हलक्या हातानं माती भरली आणि वात पेटवली. दोघं वळणाआड पळाले. डोंगर हादरला, धूळ आली.

"गेली," स्लिमान म्हणाला. बेलकासम वळणाआडच बसून राहिला. मुकादमानं विचारलं तेव्हा, बोट फार दुखतंय, एवढंच स्लिमाननं सांगितलं.

संध्याकाळी हद्दा सातूचं पीठ मळत होती. त्याला दारात धडधाकट बघितलं आणि दोन दिवस आवरून धरलेलं रडू तिला फुटलं. रडत रडत तिनं खाणीला शिव्या घातल्या, मुकादमाला घातल्या, लढाईला, त्या शिपायाच्या सात पिढ्यांना, आणि सगळे संपल्यावर नवऱ्याला. बेलकासम उंबऱ्यावर बसून ऐकत राहिला. तिनं थांबू नये असं त्याला वाटत होतं.