सगळ्यांना आत घेणारी पेटी

"दूध नासलं तरी हे उठायचे न्हाईत. त्या पेटीलाच पाजा आता चहा," बनुबाई चुलीपुढं बसून लंकाबाईच्या कानाशी पुटपुटली.

लंकाबाईनं चुलीत लाकूड सारलं. जावेचं कुरकुरणं तिच्या सवयीचं होतं, आणि आज तर ते बरंच वाटत होतं. घरात कुणीतरी चहाबद्दल बोलत होतं, म्हणजे दुसऱ्या कशाबद्दल बोलत नव्हतं.

बाहेर पडवीत तिचा मुलगा ओंकार आणि त्याच्या संस्थेतल्या अश्विनीताई घोंगडीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात एक कॉम्प्युटर, त्याच्या बाजूला डब्याएवढी पांढरी पेटी, आणि पेटीतून निघालेली काळी तार कौलांवरच्या अँटेनापर्यंत गेलेली. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं सरकत होती. ती थांबली की दोघं श्वास धरायचे, पुन्हा चालू झाली की सोडायचे.

उंबरवाडी भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडं, डोंगराच्या आडाला. कंपन्यांच्या टॉवरची रेंज वाडीत उतरत नाही. वाडीच्या वर एक काळा खडक आहे. त्याच्यावर धरणाकडं तोंड करून उभं राहिलं तर मोबाईलवर एखादी काडी दिसते, तीही वाऱ्यानं हलल्यासारखी. सोयरीक असो, मयत असो, दवाखाना असो, उंबरवाडीची सगळी महत्त्वाची बोलणी त्या खडकावरून झालेली. त्यामुळं संगमनेरच्या संस्थेत लागलेला ओंकार जेव्हा म्हणाला, परवानगी काढलीय, आपल्या वाडीत आपलंच नेटवर्क लावून बघायचंय, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याच्या बापाला, रंगनाथला झाला होता. हे पावसाळ्यातलं.

तेव्हा ओंकारनं बापाला सगळं नीट समजावलं होतं. हे सॉफ्टवेअर कुण्या कंपनीच्या मालकीचं नाही. जगभरातल्या लोकांनी थोडं थोडं लिहून जोडलेलं, कुणीही उघडून वाचावं, सुधारावं, वापरावं. "म्हंजी इरजिक," रंगनाथ म्हणाला होता. "सगळ्यांनी मिळून एकाचं वावर लावून द्यायचं." आणि हे सॉफ्टवेअर करतं काय? तर टॉवर नुसता राबतो, पण कुणाचा फोन कुठल्या वाटेनं बोलेल, कधी बोलेल, हे सांगणारा कुणीतरी लागतो. "मंग मुकादम म्हण की," असं म्हणून रंगनाथनं पेटीकडं जरा आदरानं पाहिलं होतं. उभ्या जन्मात मुकादमाकडं त्यानं आदरानं पाहिल्याचं लंकाबाईला आठवत नव्हतं.

एक गोष्ट मात्र ओंकारनं अगदी वाडीच्या पोरासारखी केली होती. कुणाचे फोन आत घ्यायचे, हे मुकादमाला सांगावं लागतं. चाचणी करताना फक्त आपल्या चार फोनांचे नंबर द्यायचे, बाकीचे परत पाठवायचे, अशी खरी रीत. ओंकारनं सगळ्यांना दार उघडं ठेवलं. उंबरवाडीत आलेल्याला आधी पाणी देतात, नाव मग विचारतात. पाणी प्यायच्या आत नाव विचारणाऱ्या घराला वाडी नावं ठेवते. "बरं केलंस," रंगनाथ म्हणाला होता. "दारात उभं करून नाव इचारणं आपल्यात बसत न्हाई." फोनच्या कपाळावर कंपनीच्या नावाऐवजी इंग्रजीत उंबरवाडी लिहून आलं, तेव्हा तो दोन घरी दाखवून आला.

हे नेटवर्क फक्त वाडीतल्या वाडीत बोलतं, डोंगराबाहेर जात नाही, हेही ओंकारनं सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग पेटी रात्रभर न पडता चालते का हे बघायला ती चालू ठेवून तो संगमनेरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथच्या छातीत कळ आली.

लंकाबाई पावसात खडकावर गेली, बनुबाई तिच्यामागं. फोन बघितला तर काड्या भरलेल्या. त्या खडकावर भरलेल्या काड्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. वर उंबरवाडी. तिनं मनात लेकाला आशीर्वाद दिला आणि एकशे आठ लावला. टूं टूं होऊन बंद. पुन्हा लावला. पुन्हा. फोनला वाटत होतं तो घरी पोचलाय. तो बाहेर कशाला बघेल? खाली आली, वर गेली, बनुबाईचा फोन घेतला, त्याच्याही कपाळावर उंबरवाडी. शेवटी रेशनचा माल घेऊन सत्तारची जीप आली. सत्तार राजूरचा, वाडीला आणता-नेता म्हातारा व्हायला लागलेला. तो खडकावर गेला, फोनवरचं उंबरवाडी बघितलं, खाली आला, पडवीत शिरून पेटीची लाईटची तार उपटली आणि पुन्हा वर गेला. मग त्याचा फोन लागला. एकशे आठच्या गाडीची वाट न बघता रंगनाथला जीपमध्ये घातलं. राजूरच्या अलीकडं, घाटाच्या शेवटच्या वळणावर सत्तारनं गाडी बाजूला घेतली आणि टोपी काढली.

संध्याकाळी ओंकार आला. "बाबांना लई त्रास झाला का?" एवढंच त्यानं विचारलं. आणि आसाराम, रंगनाथचा धाकटा भाऊ, बनुबाईचा नवरा, ज्याला एरवी एक वाक्य धड जमत नाही, तो पटकन म्हणाला, "न्हाई रे. जागच्या जागी गेला. कुणाला हाक मारायला बी येळ न्हाई दिला." सगळ्या वाडीनं माना डोलावल्या. पेटी बंद कशी पडली, तर लाईट गेल्ती. त्यालाही माना डोलावल्या.

दया म्हणून बोललेलं ते. पण ओंकारनं ते लक्षात ठेवलं, आणि भात कापून झाल्यावर आज परत आला तो एक जड बॅटरी घेऊनच.

"मागच्या खेपेला लाईट गेली आन् सगळी चाचणी वाया गेली," तो चहा घेता घेता अश्विनीताईंना सांगत होता. "आता वाडीत अंधार झाला तरी पेटी बंद पडायची नाही. पॉवर पण वाढवलीय. थेट खडकाच्या पलीकडं जाईल."

अश्विनीताई पडद्याकडं बघत होत्या. चाळिशीच्या, केस आखूड, बोलण्यात संगमनेरचा ठसका, चहा कडू झाला तरी नावं न ठेवणाऱ्या. "टॉवर जोडला गेला बघ. नंबर चुकीचा टाकला होता आपण, म्हणून सकाळपासून ओळख देत नव्हता." मग जरा थांबून म्हणाल्या, "ओंकार, या वेळी यादीतलेच फोन घेऊया. सगळ्यांना कशाला आत घ्यायचं?"

ओंकारनं कप खाली ठेवला. "ताई, तेवढं राहू दे ना. बाबांना आवडलं होतं ते."

बापाचं नाव घेतल्यावर कोण बोलणार? अश्विनीताईंनी बटण दाबलं.

लंकाबाई आतून ऐकत होती. तिला पडद्यावरचं अक्षर कळत नव्हतं, पण दार पुन्हा उघडलं गेलंय एवढं कळलं. आणि आता सत्तारनं तार उपटून भागणार नव्हतं.

ती परसातून बाहेर पडली आणि ओंकारला घेऊन आलेल्या जीपपाशी गेली. सत्तार बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता.

"सत्तारभाई, पेटी चालू ठिवून जायलेत. आठवडाभर."

"ऐकलं, भाभी."

"तुमी सांगा त्याला."

सत्तारनं तंबाखू तशीच मुठीत धरली. "मी तार उपटली, तेवढीच माझी हिंमत. बोलायची न्हाई. बापाच्या मैताला खांदा दिलेला पोरगा हाय तो. मी काय सांगू, तुझ्याच पेटीनं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. वाडीत गेले कित्येक दिवस ते वाक्य कुणीच पुरं केलं नव्हतं.

मागून बनुबाई आली होती. तिनं लंकाबाईचा दंड धरला. "येडी हायस का? ह्या पेटीपायी पोरगं पुन्हा बोलाय चालाय लागलं. सांगितलंस तर जलमभर जळंल ते. एक गेला, दुसरा घालवती काय?"

"आन् उद्या कुणाच्या घरात दुखलं तर?"

"तवा तार..." बनुबाई म्हणाली, आणि तिलाच बॅटरी आठवली. तिनं दंड सोडला.

तेवढ्यात ओंकारची हाक आली. "आये, चल वर. खडकावर रेंज बघायचीय. तू चल, काकू तू बी."

लंकाबाई त्या दिवसानंतर खडकावर चढली नव्हती. लाकडं आणायला लांबच्या वाटेनं जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघा दुखतो. आज तिनं गुडघ्याचं नाव काढलं नाही. पुढं ओंकार फोन हातात धरून, मग अश्विनीताई कॉम्प्युटर पोटाशी घेऊन, मग बनुबाई, शेवटी सत्तार, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं. आसारामला खाली अंगणात एक फोन देऊन बसवलं होतं.

वर उन्हं स्वच्छ पडली होती. खाली कापलेल्या खाचरांतून गवत उभं होतं. ओंकारनं फोन आईपुढं धरला. कपाळावर उंबरवाडी, काड्या भरलेल्या.

"बघ. मागं इथंवर येत होतं का न्हाई काय माहीत. आता पलीकडच्या पाड्यापर्यंत जाईल. आये, पहिला फोन तू लाव. काकाला."

तिनं लावला. लागला. खालून आसाराम ओरडला, "हॅलो! कोन बोलतंय?" तो एवढा ओरडला, की फोनमधून आणि डोंगराच्या उतारावरून असा दोन्हीकडून एकदमच ऐकू आला.

ओंकार हसला. पोट धरून, मान मागं टाकून, रंगनाथसारखा हसला. भात कापताना नाही, दिवाळीत नाही, बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. बनुबाईनं लंकाबाईकडं असं बघितलं, की जणू म्हणत होती, हे मोडशील?

लंकाबाईनं फोन परत दिला. लेकाचं हसू ती डोळे भरून बघत राहिली. तिच्या मनात आलं, आपण गप्प बसलो तर हे हसू आपल्याला रोज मिळेल. आणि एखाद्या सकाळी दुसरी कुणीतरी बाई इथं येऊन उभी राहील, भरलेल्या काड्या बघून तिलाही बरं वाटेल.

अश्विनीताईंनी पडद्यावर बघून मान हलवली. "आवाज चांगला. तुटत नाही. ओंकार, एक विचारते. आपण जाऊ तेव्हा चालूच राहणार हे. यावरून दवाखान्याला फोन लागत नाही, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे ना?"

सत्तार धरणाकडं बघायला लागला. बनुबाईनं पदर नीट केला आणि म्हणाली, "व्हय व्हय. ठाऊक हाय की."

"मी पहिल्याच खेपेला सगळ्यांना सांगितलंय, ताई," ओंकार म्हणाला. "आन् लागलंच काही, तर माणसं खडकावर येतात. इथं कंपनीची रेंज असती."

"नसती," लंकाबाई म्हणाली.

ओंकारनं वळून बघितलं. "काय नसती?"

"पेटी चालू असली की इथं बाहेरची रेंज नसती. समदे फोन तुझ्या पेटीतच जात्यात."

ओंकारच्या चेहऱ्यावर आधी नुसतं कोडं आलं. मग त्याची नजर फोनवर गेली, कॉम्प्युटरवर गेली, अश्विनीताईंवर गेली. त्या खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं.

"तुला कसं ठाऊक, आये?"

बनुबाई मध्ये पडली. "तिला चढून दम लागलाय रे, कायबी बोलती. चल खाली."

"बने, गप," लंकाबाई म्हणाली. जावेला तिनं आयुष्यात असं कधी म्हटलं नव्हतं. मग ती दोन पावलं पुढं आली आणि लेकाच्या दोन्ही मनगटांना धरून उभी राहिली, लहानपणी ताप आला की धरायची तशी.

"तुझं बाबा जागच्या जागी गेलं न्हाईत, ओंकार. सकाळी दुखाय लागलं, सत्तारभाईच्या जीपमधी बी जीव हुता. मी इथंच उभी हुते. काड्या भरलेल्या हुत्या, वर आपल्या वाडीचं नाव हुतं, आन् एकशे आठ लागत नव्हता. लाईट गेली नव्हती. तुझ्या पेटीनं फोन आत घेतला आन् बाहेर सोडला न्हाई."