दातांत टाचण्या धरू नयेत

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर दहा सूचना छापल्या होत्या. माझ्याकडे आता निम्म्याच उरल्यात. बाकीच्यांवर कात्री चालवून मी एका कोटाच्या कॉलरचा साचा काढला. कागद दिसला की कापायचा, ही शिवणकामातली एकोणतीस वर्षांची खोड. उरल्यात त्या इथे लावते. क्रम छापणाऱ्याचा नाही, माझा.

सूचना ४. पहिले काही दिवस दातांवर ताण जाणवेल. हे सामान्य आहे.

सामान्य म्हणे!

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिने ओठ ताणून धरणारा प्लास्टिकचा सापळा तोंडात बसवला, दातांवर आंबट काहीतरी चोपडलं, एकेका दातावर एकेक चौकोनी बटण चिकटवलं आणि निळा उजेड पाडून ते सुकवलं. मग सगळ्या बटणांतून एकच तार ओवली. तेव्हा काही म्हणता काही दुखलं नाही. मी मनात म्हटलं, एवढ्याचा केवढा बाऊ.

चार तासांनी कळलं. दात दुखत नाहीत, दात सरकतात. जबड्यात कोणीतरी कपाटं हलवतंय असं वाटतं. रात्रीच्या जेवणाला मी कुस्करलेला बटाटा घेऊन बसले. समोर आई, तीही बटाटाच कुस्करत होती. तिची कवळी ग्लासात होती.

"एकोणपन्नासाव्या वर्षी तारा," आई म्हणाली. "माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या, पण मी असले थेर केले नाहीत."

"गोवऱ्या आहेत जागेवर. दात गेले."

"आगाऊ. दुखतंय म्हणून केलंस की हौस म्हणून?"

खालचे दात टाळूला टोचून रक्त यायचं, हे तिला माहीत होतं. तेवढं सांगून सुटता आलं असतं.

"दोन्ही," मी म्हटलं. "हौस जास्त."

सूचना नंबर नसलेली. दातांत टाचण्या धरू नयेत.

ही छापलेली नाही. डॉक्टरने पेनाने लिहिली, खास माझ्यासाठी. तपासताना समोरच्या दातावर तिला बारीक खाच दिसली.

"हे काय?"

"दोरा तोडते."

"दातांनी? आणि सुया, टाचण्या?"

"त्याही तिथेच. हात दोनच असतात, बाई."

खरं कारण मी सांगितलं नाही. लहानपणी माझं नाव होतं फावडं. दादाने ठेवलं, गल्लीने उचललं. आई म्हणायची, हसताना तोंडावर हात धर. मी धरला. मग शिवणकाम शिकले आणि बघितलं की कारागिराच्या तोंडात टाचण्या असल्या की त्याला कोणी हस म्हणत नाही, बोल म्हणत नाही. हातही मोकळे राहतात. एकोणतीस वर्षं मी ओठ मिटून लोकांची मापं घेतली. गिऱ्हाईकं म्हणत, किती कामसू बाई आहे, तोंडातून अवाक्षर नाही.

आता मनगटाला टाचण्यांची गादी बांधते. तोंड रिकामं. अंगावरचा पदर कोणी ओढून नेल्यासारखं पहिले आठ दिवस वाटलं.

सूचना ९. उच्चारात तात्पुरता फरक पडू शकतो.

'स'ला शिट्टी वाजते. सव्वीस, सदतीस, साडेसव्वीस. एवढंच. पुढची.

सूचना ३. गाल सोलवटल्यास दिलेले मेण बटणावर लावावे.

डबीतलं मेण सहा दिवसांत संपलं. दवाखाना बंद. गालाच्या आत दोन फोड आले होते. दुकानात दोरा ओढायला आम्ही मेणाचा गोळा ठेवतो. मी त्यातलंच चिमूटभर लावलं. तासाभरात तोंडात खडू, निळं सूत आणि मशीनच्या तेलाची चव. आईने मिठाचं कोमट पाणी करून पुढ्यात ठेवलं.

"गुळण्या कर. आणि कोणाला सांगू नकोस."

"का?"

"मला हसू येतंय, म्हणून." आणि ती बोळक्या तोंडाने, हात न धरता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला रागच आला. स्वतः कशी हसते बघा.

सूचना २, अर्धी. कोणतीही वस्तू दातांनी तोडू न

पुढचं अक्षर कॉलरच्या साच्यात गेलं. मला वाटतं, माझी अक्कलही त्याच्याबरोबर गेली.

तिसरा आठवडा. वकीलबाईंच्या काळ्या कोटाची शेवटची ट्रायल. या आमच्या दुकानाच्या अकरा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. बाहीच्या काठाला एक टाका घातला, सुई सुटली, आणि एकोणतीस वर्षं जे केलं तेच केलं. वाकले आणि दोरा दातांत धरून झटका दिला.

दोरा तुटला नाही. तो बटण आणि तारेच्या मधे जाऊन बसला. दुसरं टोक बाहीत. मी वाकलेली, वकीलबाईंचा हात माझ्या तोंडाशी, आणि दोघींना हलता येईना. त्यांनी हात वर घेतला तर माझा जबडा वर.

"हलू नका," वकीलबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

मालक गल्ल्यावरून उठून आले. "अरे वा! मासा गळाला लागला!" दुकानात आणखी तीन गिऱ्हाईकं होती. तिन्ही हसली. मालकांनी कात्रीने दोरा कापला, वकीलबाईंची दहादा माफी मागितली आणि त्या गेल्यावर माझ्याकडे वळले.

"उद्यापासून मागे बसायचं. काज-बटण, तुरपाई. तारा निघाल्या की ये पुढे."

"दोन वर्षं लागतील."

"मग काढून टाक. तोंड तुझं आहे."

"आणि मापं कोण घेणार? कापणार कोण?"

"तू यायच्या आधी लोक उघडे फिरत नव्हते."

मागे म्हणजे कापडाच्या गठ्ठ्यांची खोली. खिडकी नाही, एक पिवळा दिवा. सुईत दोरा ओवायला तो पुरतो. माणसाच्या अंगाकडे बघून कापड कापायला पुरत नाही. मी तिथे चार दिवस बसले. एकशे बारा काजं केली. पाचव्या दिवशी अर्धी सुट्टी घेतली आणि दवाखान्यात गेले.

सूचना १०. उपचार अर्धवट सोडू नयेत.

"काढायला किती वेळ लागतो?" मी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

"अर्धा तास," डॉक्टर म्हणाली. "का, मावशी?"

"आणि दात?"

"परत जातील जुन्या जागी. लावून महिनाच तर झालाय." तिने आरसा माझ्या हातात दिला. "पण बघून तर घ्या."

बघितलं. फारसं काही झालं नव्हतं. पुढचे दोन एकमेकांवर चढलेले होते, ते नखभर उतरले होते. मी आरसा खूप वेळ धरून बसले. चाळीस वर्षं आरशासमोर मी फक्त केस विंचरले, तोंड उघडलं नव्हतं. नखभर का होईना, सरकले होते.

"काढायच्या?" तिने विचारलं.

"घट्ट करा," मी म्हटलं.

तिने तार बदलली आणि एक कार्ड पुढे केलं. बटणांवर तार धरून ठेवायला बारीक रबरी कड्या लागतात, त्यांचे रंग. अगदी रिळांच्या शेड-कार्डासारखं. मोठी माणसं हा घेतात, असं म्हणत तिने राखाडीवर बोट ठेवलं.

"हा दिसत नाही."

"मग कशाला घेऊ?"

मी शेड बघायला कार्ड खिडकीशी नेलं. लाल. मरून नाही, विटकरी नाही. लाल.

सूचना ६ कॉलरमध्ये गेली. तिच्यात काय होतं ते आठवत नाही. तिच्या जागी हे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर मी पुढच्या टेबलाशी उभी राहिले, टेप गळ्यात घालून.

"मागे," मालक म्हणाले.

"मागे उजेड नाही."

"हे काय लावलंय दातांना?"

"लाल."

"ते दिसतंय मला!"

"दिसायलाच लावलंय."

त्यांनी माझ्या गळ्यातला टेप काढून स्वतःच्या गळ्यात घातला. तेवढ्यात दार ढकलून वकीलबाई आल्या. दुसरा कोट शिवायचा होता. मालक गुळासारखे गोड झाले. या, बसा, आज मी स्वतः घेतो माप. छाती, कंबर, पाठ. भराभर आकडे लिहिले. खांदा एकच मोजला, डावा, आणि वही मिटायला निघाले.

मी तोंड मिटून ठेवलं असतं तर कोट बिघडला असता आणि मालकांनी आठ दिवसांत मला पुढे बोलावलं असतं. पण मिटून ठेवायचं, हे आता माझ्याने होईना.

"उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे," मी म्हटलं. भर दुकानात, शिट्टीसकट.

मालकांचा चेहरा पडला. गिऱ्हाइकाला तोंडावर त्याच्या अंगातला दोष सांगायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. "तिचं मनावर घेऊ नका, मॅडम, ती जरा..."

वकीलबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. आरशाकडे वळल्या. डावा खांदा बघितला, उजवा बघितला.

"किती?"

"पाऊण इंच. फायलींच्या पिशवीने झाला असेल."

"अकरा वर्षं माझे कोट तर सरळ बसतायत."

"मी आतून भरत आले. त्या बाजूला कापसाचं पॅड जास्त."

"मला बोलला नाहीत कधी."

"तोंडात टाचण्या असायच्या."

त्या माझ्या दातांकडे बघत राहिल्या. मी ओठ मिटले नाहीत, आणि हातही वर गेला नाही. खालीच ठेवायला तो मला टेबलाच्या कडेला धरून ठेवावा लागला, हेही सांगते.

"या वेळी भरू नका," वकीलबाई म्हणाल्या. "खांदा आहे तसा कापा. आणि माप तुम्हीच घ्या, यांनी अर्धंच घेतलंय."

मालक गल्ल्याकडे बघू लागले. मी पुढे झाले, त्यांच्या गळ्यातून टेप ओढून घेतला.

"सरळ उभ्या राहा, मॅडम," मी म्हटलं. "म्हणजे नेहमी राहता तशा."