काचेतलं पाणी

ज्योत्स्ना बॉयलरच्या ढिगाऱ्यातून मिलच्या अंगणात आली तेव्हा कुलदीपचे समोरचे दोन दात पडले होते आणि तिसरा ओठात रुतून बसला होता. त्याला विजेच्या खांबाला बांधलं होतं. बिरजूच्या हातात भट्टीतली राख ओढायचा लोखंडी दांडा होता. तो घाई करत नव्हता. एक फटका घालायचा, थांबायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा त्याच जागी, गुडघ्याच्या जरा वर, दुसरा घालायचा.

"बोल. झोपला होता का नाई?"

"नाई झोपलो, बिरजूभाऊ. काच अर्धी भरून होती. मायची आन."

"मायचं नाव नको घेऊ! माय माही मेली!"

दांडा मांडीवर पडला. ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. अंगणातल्या शंभरेक माणसांपैकी बिरजूचा हात कोणी धरला नाही. फाटकाशी दोन शिपाई उभे होते. गर्दी पाहून त्यांनी ठाण्यावर फोन लावला होता आणि फोन लावल्यावर आपलं काम संपलं असं त्यांनी धरलं होतं.

व्याहाडच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर ही उकड्या तांदळाची मिल. काल दुपारी बाराच्या सुमाराला तिचा बॉयलर फुटला. एक पत्रा रस्ता ओलांडून धानाच्या बांधीत जाऊन पडला. बिरजूची आई बायनाबाई अंगणात वाळत घातलेलं धान पायाने वरखाली करत होती, ती वाफेच्या लोटात सापडली. आत भट्टीपाशी ज्योत्स्नाचे वडील होते, सोमाजी दुर्गे, सगळ्या गावाचे भाऊ. शवागारात चादर वर केल्यावर ज्योत्स्नाने त्यांना पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कुलदीप त्या बॉयलरवरचा माणूस; आत पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर नजर ठेवणं त्याचं काम. वय चाळीस, घरी बायको आणि दोन पोरी. पुढच्या महिन्यात तो बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसणार होता आणि सोमाजी त्याची तयारी करून घेत होते. फुटण्याच्या दोन मिनिटं आधी सोमाजी रस्त्यावरून धावत आले आणि त्यांनी कुलदीपला लाथ मारून दाराबाहेर लोटलं, हे बाहेरच्या बायांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गावाने त्याचा अर्थ लावला: हा झोपला, भाऊंनी धरला, पण उशीर झाला.

ज्योत्स्नाच्या ओढणीत पितळेचा एक कॉक, मुठीची तोटी, गुंडाळलेला होता. सकाळी सातपासून ढिगारा उपसून तो तिने शोधून काढला होता. मागे भुशाचा डोंगर होता. त्यात तो टाकून दिला असता तर कोणाला कळलं नसतं. नागपूरचे बॉयलर निरीक्षक येणार, कुलदीपच्या नावावर चूक लिहिणार आणि सोमाजी दुर्गे हे नाव ऊर्जानगरपासून देसाईगंजपर्यंत होतं तसं राहणार. भाऊंनी पास म्हटलं की नागपूरच्या साहेबांनी फक्त सही करायची, असं मिलवाले म्हणत. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या नोकरीतून सुटल्यावर वीस वर्षांत त्यांचा एकही माणूस नापास झाला नव्हता. त्यांचा पहिला विद्यार्थी त्यांची मुलगीच होती. वाफेवर चालणारी जहाजं आता जगात थोडीच उरली आहेत, थंड केलेला गॅस वाहणारी. त्यांपैकी एकावर ती सेकंड इंजिनिअर होती.

बिरजूने दांडा पुन्हा उचलला.

"बिरजूभाऊ, थांबा," ती म्हणाली.

"तुम्ही घरी जा, बाई. तुमच्या बापाचंबी याच्यातच वसूल करतो."

ती जाऊन कुलदीपच्या पुढे उभी राहिली. "हा झोपला नव्हता. काच खरंच अर्धी होती. चूक माझ्या बाबांची आहे."

गर्दीतून कोणीतरी हसलं. बिरजूने तिच्याकडे पाहिलंच नाही. पण तिच्या पाठीमागून, तुटक्या दातांतून, कुलदीप म्हणाला, "खोटं बोलून राह्यली ताई. भाऊ असे नाई. माह्यासाठी बापाले नाव ठेवून राह्यली."

मारणाऱ्यापेक्षा हे अवघड होतं. ती त्याच्याकडे वळली. त्याची मांडी वाकडी झाली होती आणि दोरीवर सगळा भार पडला होता. एवढ्यात बोलायचं तर एकाच प्रकारे बोलता येणार होतं. परवा नव्हे, कालच, मुंबईत एका बंद खोलीत परीक्षा घेणारा सर्व्हेअर तिच्याशी ज्या आवाजात बोलला होता, त्या आवाजात ती बोलली.

"कुलदीप, मी विचारते तेवढंच सांग. बॉयलर पेटलेला असताना काचेतलं पाणी कसं दिसतं?"

त्याने सवयीने मान सरळ करायचा प्रयत्न केला. सोमाजींपुढे तो असाच उभा राहत असणार. "थरथरते. वरखाली होते."

"काल थरथरत होतं?"

"अर्धी होती काच."

"किती होतं ते नाही विचारलं."

बिरजू म्हणाला, "हा काय तमाशा लावला? परीक्षा घेऊन राह्यली का?"

"हो," ती म्हणाली. "पंप शेवटचा कधी चालवला?"

"अकराच्या आधी. मंग पाणी उतरलंच नाई काचेतलं. काऊन चालवू?"

"भुसा टाकत होता?"

"टाकत होतो ना. हौदात धान शिजून राह्यलं होतं."

"म्हणजे तासभर वाफ गेली, आणि पाणी उतरलं नाही?"

कुलदीपने तोंड उघडलं. ओठातून रक्ताची लाळ हनुवटीवर आली. त्याला कळलं, ते चेहऱ्यावर दिसलं. दांड्याच्या कुठल्याही फटक्याने आखडलं नव्हतं तसं त्याचं अंग आखडलं.

"वाफ गेली त पाणी उतराले पाह्यजे," तो हळूच म्हणाला. "ते पाणी बॉयलरचं नव्हतं. काचेतच कोंडलेलं होतं."

"काच धुवून पाहिली? पाणी सोडून देऊन, पुन्हा भरतं का ते?"

"नाई, ताई. भाऊ रोज सांगे, अर्ध्या अर्ध्या घंट्यानं धू. नाई धुतली."

"दुसरी काच?"

"थे दिवाळीपासून फुटून आहे. शेठले तीनदा सांगतलं."

ज्योत्स्नाने ओढणी सोडली आणि कॉक बिरजूपुढे धरला. "काचेच्या खालचा कॉक हा. मूठ आडवी आहे, म्हणजे बंद. आतलं भोक पाहा, पाणी जायला वाट नाही."

"फुटताना फिरली असन मूठ."

इथे ती थांबू शकली असती. बिरजूने तिला जागा करून दिली होती.

"बाबा बंद करत," ती म्हणाली. "प्रत्येकाला शिकवताना. बोलता बोलता, पाठमोरे असताना. पाणी हलत नाही हे माणसाला केव्हा दिसतं ते पाहायचे. मी सोळा वर्षांची असताना मलाही असंच केलं. मला बारा मिनिटं लागली आणि त्यांनी मुस्काटात मारली. पंधरा मिनिटांच्या वर कधी ठेवत नसत. विसरू नये म्हणून कॉक बंद असेपर्यंत डाव्या करंगळीला सुतळी आवळून बांधत. काल शवागारात मी हात पाहिला. सगळी कातडी गेली, पण करंगळीवर सुतळीची खाच आहे. सुतळी मांसात शिजली आहे."

"मंग पंधरा मिनिटांनी काऊन नाई उघडला?" हे कुलदीपने विचारलं. लहान पोराने विचारावं तसं.

"मी फोन केला होता."

अकरा वाजून दहा मिनिटांनी. चीफ इंजिनिअरची तोंडी परीक्षा पास झाले, हे सांगायला. मिलच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ते रस्त्यावर गेले. इतके खूश होते की एकेक प्रश्न तिला पुन्हा सांगायला लावला, उत्तरासकट. चाळीस मिनिटं. शेवटी तिने सांगितलं, सर्व्हेअरने विचारलं, काचेतलं पाणी मुळीच हलत नसेल तर काय समजाल? मला हसूच आलं, बाबा. पलीकडून हसू आलं नाही. "थांब," एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला.

हे तिने सगळं सांगितलं, मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाईल असं. कुलदीप आवाज न करता रडत होता. गर्दीतली दोन माणसं खाली बघून फाटकाकडे निघाली.

बिरजूने कॉक हातात घेतला, उलटापालटा केला, भोकातून सूर्याकडे पाहिलं. मग तो जमिनीवर ठेवला आणि दांडा दोन्ही हातांनी उचलून ज्योत्स्नाच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड मोडलं. ती गुडघ्यावर आली.

"हा तुह्या बापाचा," तो म्हणाला. दांडा टाकून तो मायचं धान पसरलं होतं तिथे जाऊन उभा राहिला. धान पांढरं फुगलं होतं.

जीप आली तेव्हा शिपायांना एकदम जोर आला. त्यांनी कुलदीपची दोरी कापली आणि बिरजूचे हात धरले. ठाणेदाराने वही काढली. "बाई, आधी दवाखाना. जबाब मंग देजा."

"आधी लिहा," ती म्हणाली. डावा हात तिने उजव्याने पोटाशी धरला होता. "सोमाजी लखुजी दुर्गे. कॉक त्यांनी बंद केला." पुढची तीन वाक्यंही तिने सांगितली: सुतळी, फोन, चाळीस मिनिटं. सही करताना पेन दोनदा घसरलं.

जीपच्या मागच्या बाकांवर दोघांना समोरासमोर घातलं. कुलदीपच्या पायाला पोत्यात गुंडाळलेली फळी बांधली होती. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्याचा चेहरा पांढरा पडे. नदीचा पूल लागला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"ताई, समजा मी काच धुतली असती. अन् पाणी दिसलंच नसतं. त काय कराचं होतं?"

"पंपाला हात लावायचा नाही. तापल्या पत्र्यावर थंड पाणी गेलं की फुटलाच. आग ओढून काढायची. ती निघत नसेल तर पळायचं."

त्याने बाकाची कड धरली.

"मले लाथ मारली अन् दार आतून लावून घेतलं," तो म्हणाला. "भाऊ त पळाले नाई."

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "ते आग ओढत होते."