पलंगाखालची विळी

"पाटावर पाय दाब गं, नाहीतर नारळ निसटेल."

हा आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. रेवदंड्याच्या सासूबाई नव्या सुनेला, जेमायमाला, नारळ खवायला शिकवत होत्या. मित्रांनो, मी तीच जुनी विळी. लोहाराने मला पातं दिलं, सुताराने फणसाचा पाट दिला. पुढे बऱ्याच वर्षांनी हे ज्यू कुटुंब इस्राएलला निघालं, तेव्हा जेमायमाच्या साड्यांच्या घडीत बसून मी बोटीने हैफा बंदरात उतरले आणि अश्दोद गावातल्या दोन खोल्यांत आले.

नारळ इथे कसाबसा मिळे. पण नवस फळला की एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे कोकणातले ज्यू ज्याला नवस बोलतात त्या प्रेषिताचा, मलिदा व्हायचाच. भिजवलेले पोहे, साखर, वेलची आणि वर माझ्यावर खवलेलं खोबरं. १९६३ साली जेमायमाची मुलगी हिल्डा दवाखान्यात नोकरीला लागली, त्याचा मलिदा चालला होता. जेमायमा फरशीवर बसून नारळ खवत होती. इतक्यात हिल्डाची मैत्रीण अदिना न सांगता आली. तिने हिब्रूत विचारलं, ही खाली बसलेली बाई कोण?

हिल्डाने माझ्या काळ्या पात्याकडे पाहिलं, आईच्या खोचलेल्या पदराकडे पाहिलं आणि म्हणाली, शेजारीण.

एवढं हिब्रू जेमायमाला येत होतं. तिने उरलेला नारळ खवला, मला धुतलं आणि गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली सारलं.

तिथे मला गंज खाई, आणि गंजाहून जास्त लाज खाई. माझ्यामुळेच लेक ओशाळली, असं वाटे. वर मायलेकींचं बोलणं कामापुरतं उरलं. हिल्डाने भाजीत मीठ किती विचारलं, की जेमायमा म्हणे, "शेजारणीला काय विचारतेस?"

मित्रांनो, जुनी वस्तू एक वेळ लपवा. गंज घासला, तेल लावलं की ती पुन्हा चालते. पण तिच्यावर राबणारं माणूस लपवू नका.

पुढच्या वर्षी हिल्डाचं लग्न ठरलं. लग्नाआधी मलिदा हवा, पण जेमायमा नारळाला हात लावीना. शेवटी हिल्डानेच मला बाहेर ओढलं, घासलं, आणि अदिनाला बोलावून ती फरशीवर बसली. नारळ निसटला, बोट कापलं. अदिना हसून म्हणाली, आता शेजारणीची कामंही तूच करतेस?

"शेजारीण नाही. ती माझी आई आहे," हिल्डा हिब्रूत म्हणाली.

जेमायमा दारातच उभी होती. एरवी आईच्या मराठीला हिब्रूत उत्तर देणारी हिल्डा तिच्याकडे वळली. मान खाली, बोट ओठांत. मग बोट काढून मराठीत म्हणाली, "आई, त्या दिवशी मला तुझी लाज वाटली होती."