तरटपट्टीचं दुमडलेलं टोक

मित्रांनो, शाळेच्या कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली जुनी तरटपट्टी तुम्ही रोज पाहता, ती मी. तुम्ही माझ्यावर शाई सांडता, माझे धागे उपसून मिशा लावता. त्याचा मला राग नाही. पण मला अंथरलं की माझं एक टोक आपोआप वर येतं आणि तुम्ही हसता. ते टोक असं का वागतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगायची लाज वाटते.

मी जातीची अंबाडी. दर्यापूरजवळ नत्थुजींच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मी हिरवीगार उभी होते. पाण्यात कुजले, उन्हात वाळले, पिळाला पीळ बसला तेव्हा दोर झाले, आणि ते दोर विणून कापसाचे बोरे, म्हणजे पोती, झाले. ती वर्षं कापसाची होती. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यापायी विलायतेच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडचा कापूस हवा होता. नत्थुजींच्या बैलांच्या शिंगांवर पितळी शेंब्या चढल्या. पोटात पांढराशुभ्र कापूस घेऊन मी किती वेळा अमरावतीच्या बाजाराला गेले, मोजलं नाही.

त्याच सुमारास गावात सरकारी शाळा आली. चावडीच्या मागची पडवी, एक फळा आणि वामनराव गुरुजी, एवढीच ती शाळा. बसायला काही नव्हतं. नत्थुजींनी जन्मात कधी कागद वाचला नव्हता, आपल्या लेकानं, सूर्यभाननं, वाचावा एवढा एकच ध्यास त्यांना होता. त्यांनी चार बोरे घरात टाकले आणि बायकोला म्हणाले, शाळेसाठी काहीतरी कर. पार्बताबाईनं बोरे उसवले, टोकाला टोक जोडलं आणि निळीत रंगवलेल्या दोऱ्यानं मला शिवलं. शिवताना ती आपल्याशीच गात होती:

टाक्याले टाका देते, तरट लांब केलं बाई,
गावाचं सारं लेकरू बसन एका ठायी.

मित्रांनो, मी ते गाणं अंगात घेऊनच शाळेत आले. वीस मुलं माझ्यावर ओळीनं बसली तेव्हा मला वाटलं, कापूस वाहण्यापेक्षा हे ओझं किती गोड आहे!

वामनराव गुरुजी मोठे मायाळू होते. मुलांना पडसं झालं तर सुंठ उगाळून द्यायचे. रोज सकाळी ते पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत, तिच्यावर फूल ठेवत, डोळे मिटून प्रार्थना म्हणत आणि मुलं त्यांच्यामागून म्हणत. त्यांचा आवाज ऐकून मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पण नत्थुजींचं घर महानुभाव पंथाचं. आपल्या परमेश्वराशिवाय कुणापुढे हात जोडायचे नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसाद घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. गावाला ती ठाऊक होती आणि कुणाच्या आड येत नव्हती. सूर्यभान प्रार्थनेच्या वेळी नुसता मान खाली घालून बसायचा. आठ वर्षांचं लेकरू ते. एके दिवशी गुरुजींनी विचारलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आमच्यात नाही जोडत, गुरुजी. माय नाही म्हनते."

गुरुजी रागावले नाहीत. छडीला त्यांनी हातही लावला नाही. "जबरदस्ती नाही, बाळ," ते म्हणाले. "पण विद्या मागायची आणि विद्येच्या देवतेला हात जोडायचे नाहीत, हे कसं व्हावं? तुला वाटेल तेव्हा हात जोड आणि तरटावर ये."

असं म्हणून त्यांनी सूर्यभानला उठवलं, आणि तो बसायचा ते माझं टोक आपल्या हातानं दुमडलं. अगदी हळुवार दुमडलं, जसं कुणी पांघरुणाची घडी घालतं. आणि मी दुमडले, मित्रांनो. ज्या मायनं मला शिवलं तिच्याच लेकराखालून मी निघाले. मी साधं करकरलेही नाही.

सूर्यभान दाराशी, मुलांनी काढून ठेवलेल्या जोड्यांजवळ मातीत बसू लागला. पोरं म्हणायची, "अय सूर्यभान, जोड्याईले पाढे शिकव." तो हसण्यावारी न्यायचा. बोटानं धुळीत अक्षरं काढायचा आणि ती इतरांपेक्षा वळणदार यायची. घरी तो काही बोलला नाही. लंगोट मातीनं भरलेला पाहून पार्बताबाईनं विचारलं, तर म्हणाला, खेळून राह्यलो होतो. त्या खोट्यापायी त्यानं मार खाल्ला. हे मला पुढे, त्याच्या मायच्याच तोंडून कळलं.

पावसाळा गेला, वेचणी सुरू झाली, आणि एक दिवस अकोल्याहून शाळा तपासायला साहेब यायचे ठरले. सरकारी शाळा साऱ्यांची, तिच्यात कुणाचा धर्म शिकवायचा नाही, असा वरचा हुकूम होता. त्या सकाळी सरस्वतीची पाटी कोनाड्यात गेली, माझं टोक उलगडलं गेलं, आणि गुरुजींनी सूर्यभानला जवळ बोलावून त्याच्या जुन्या जागी बसवलं. तो इतक्या संकोचानं बसला, जसं परक्याच्या घरी कुणी बसतं.

साहेबांनी पाढे विचारले, वाचून घेतलं. सूर्यभानचं वाचन ऐकून मान डोलावली. मग विचारलं, "प्रार्थनेची सक्ती वगैरे नाही ना कुणावर?"

"नाही साहेब," गुरुजी म्हणाले. "सक्ती कुणावरच नाही."

साहेबांची नजर माझ्यावर फिरली आणि त्या टोकाशी थांबली. ते म्हणाले, तरटसुद्धा किती स्वच्छ राखलंय, नव्यासारखं! माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. आणि काय सांगू, क्षणभर मी फुलले. ते टोक स्वच्छ होतं, कारण तिथं कुणाला बसूच दिलं नव्हतं. मला हे ठाऊक होतं, तरी मी फुलले. ती शाबासकी आजही मला कुसळासारखी टोचते.

साहेबांसाठी पार्बताबाई घरून दह्याचं मडकं घेऊन आली होती. साहेब गाडीकडे गेले, मुलं त्यांच्या मागं धावली. सूर्यभान तेवढा राहिला. पार्बताबाई वाकली आणि तिनं माझ्यावरून हात फिरवला. इकडचा दोरा मळून काळा पडलेला, आणि लेकराच्या जागी निळाच्या निळा. तिचा हात तिथंच थांबला.

"गुरुजी," ती म्हणाली, "माहा टाका इथं नवाच्या नवा कसा राह्यला?"

गुरुजी वाकून पाट्या गोळा करू लागले.

"खेळून माती लागली म्हने तो. म्या मारलं त्याले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

गुरुजी खाली पाहत म्हणाले, "उद्यापासून बसेल तो इथंच. प्रार्थनेपुरता फक्त बाहेर उभा राहील."

"बाहेर म्हंजे तेच झालं ना, गुरुजी? तुमचा देव तुमाले, आमचा आमाले. तरट तं साऱ्याईचं शिवलं होतं म्या."

तिनं मडकं तिथंच ठेवलं, लेकराचा हात धरला आणि ती गेली. मला परत मागितलं नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान आला नाही. गुरुजींनी पाटी काढायला घेतली, अर्ध्यावर पुसली. त्या दिवसापासून ते आपली प्रार्थना घरी करून येत आणि आल्याबरोबर माझं टोक स्वतः उलगडून ठेवत. आठवड्यानं ते नत्थुजींच्या वावरात गेले आणि हात जोडून आले, असं मुलं बोलत होती. नत्थुजींनी त्यांना पाणी दिलं, सावलीला बसवलं. पण सूर्यभान कपाशीच्या ओळीतून बाहेर आला नाही. कापूस वेचतच राहिला.

गुरुजी बदलून गेले, कापसाचा भाव उतरला, पितळी शेंब्या विकल्या गेल्या. मी मात्र इथंच आहे. किती हातांनी मला झटकलं, दगड ठेवून सपाट केलं, पण ती घडी जात नाही. अंथरलं की टोक पुन्हा वर येतं. ज्याला दुमडायचं वळण लागलं, त्याला आता उघडं राहणं जमत नाही.

मित्रांनो, प्रार्थना चांगलीच असते. ती घरी म्हणा, देवळात म्हणा, मनात म्हणा. शाळेत मात्र शेजारच्यानं हात जोडले की नाही, हे बघू नका. आणि एक मागणं आहे. उद्या मला अंथराल तेव्हा त्या वर आलेल्या टोकावर कुणीतरी बसा. ज्याला सगळे दूर बसवतात, त्यालाच आधी बसवा. अंगाचं वजन पडलं की ते टोक खाली राहतं.